पक्षाघातानंतर बदललेली संप्रेरके

प्रश्न : चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधताना माझ्या वडिलांचा (वय ६८) उजवा हात एकाएकी लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे निदान झाले. दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत कॉर्टिसॉल जास्त, थायरॉइडचे टी-३ कमी व थायरॉइडला चालना देणारे टीएसएच सामान्य आले. आता दीड महिना झाला. थायरॉइडची गोळी सुरू करावी, असे नातेवाईक म्हणतात. संप्रेरके बिघडल्यामुळेच झटका आला का? कोपेप्टिनची चाचणीही करून घ्यावी का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुम्ही कळवलेले दोन्ही बदल झटक्याचे कारण नसून बहुधा त्याचा परिणाम आहेत. मेंदूला इजा होताच मेंदूतलाच हायपोथॅलॅमस हा भाग पीयूष ग्रंथीला वर्दी देतो, तिच्यातून एसीटीएच हे संप्रेरक रक्तात उतरते आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सोडतात. निरोगी माणसात कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. झटक्यानंतर ही लय मोडू शकते. त्यामुळे रक्त किती वाजता घेतले याची नोंद नसलेला कॉर्टिसॉलचा आकडा मला तरी अर्धवटच वाटतो. याच संप्रेरकामुळे रक्तातील साखरही वाढते. ती वाढ तात्पुरती की जुन्या मधुमेहाची, हे एचबीए१सी या, गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवरून ठरवता येते.

टी-३चे म्हणाल, तर गंभीर आजारात शरीर टी-४ या थायरॉइडच्या मुख्य संप्रेरकाचे रूपांतर सक्रिय टी-३मध्ये करण्याऐवजी निष्क्रिय ‘रिव्हर्स टी-३’कडे वळवते. अशा रुग्णांची प्रकृती अधिक नाजूक असते हे खरे, पण गोळीने हा आकडा वर आणल्यास रुग्ण सुधारतो असे सिद्ध झालेले नाही. उलट विनाकारण दिलेल्या थायरॉइडच्या गोळीमुळे उतारवयात हृदयाची लय बिघडून पुन्हा गुठळी होण्याचा धोका संभवतो. आजार ओसरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, ही तपासणी पुन्हा करतात. तुमच्या वडिलांसाठी ती वेळ आता आलीच आहे. (पूर्वीपासून चालू असलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नये.)

कोपेप्टिन हा ३९ अमिनो आम्लांचा तुकडा व्हॅसोप्रेसिन या शरीरातील पाणी राखणाऱ्या संप्रेरकाच्याच मूळ रेणूपासून सुटतो. व्हॅसोप्रेसिन रक्तात फार लवकर नष्ट होते, कोपेप्टिन मात्र टिकते. म्हणून संशोधक तेच मोजतात. झटक्यानंतर लगेच ते बरेच वाढलेले असेल तर तीन महिन्यांनी मृत्यूचा वा अपंगत्वाचा धोका अधिक दिसतो. परंतु ते हृदयविकाराच्या झटक्यात आणि जंतुसंसर्गातही वाढते, शिवाय त्यावरून उपचार बदलत नाहीत. दीड महिन्यानंतर त्यासाठी प्रयोगशाळांचे उंबरठे झिजवण्यात काहीच अर्थ नाही.

डॉक्टरांना विचारायचेच असेल, तर एनटी-प्रोबीएनपी पाहिले होते का, हे विचारा. हृदयाच्या कप्प्यांवर ताण आल्यावर वाढणारे हे द्रव्य बरेच जास्त असल्यास गुठळी हृदयातून आली असावी अशी शंका येते. अशा वेळी होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारे छोटे यंत्र) लावून अनियमित ठोक्यांचा शोध घेतात, आणि ते सापडले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची निवडच बदलते.

एक गोष्ट घरच्यांनीही पाहावी. झटक्यानंतर वाढलेले व्हॅसोप्रेसिन शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्तातील सोडियम उतरू शकते. वडील अचानक सुस्त किंवा भ्रमिष्टासारखे वाटले तर त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्या: नवा झटका आला नाही ना, हे तेथे आधी पाहतील आणि सोडियमही तपासून घेता येईल.