ट्रॅप शूटिंगमधली (म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या खेळातली) 'मिडविंटर हँडिकॅप' ही स्पर्धा काय भानगड आहे? ती हिवाळी रिसॉर्टवर भरायची म्हणे, म्हणजे बर्फात नेमबाजी का?

नाही हो, उलट बर्फ टाळायलाच लोक तिथे जात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात पाइनहर्स्ट नावाचं गाव आहे, 1895 मध्ये वसवलेलं. उत्तरेतली पैसेवाली मंडळी थंडी चुकवायला तिथे येत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही स्पर्धा तिथे जानेवारीत भरे.

हँडिकॅप म्हणजे नेमबाज जितका पक्का, तितका तो मागे उभा. साधा नेम 16 यार्डांवरून, पण हँडिकॅपमध्ये थेट 27 यार्डांपर्यंत मागे सरकवतात. 'पुल!' म्हटलं की समोरच्या बुटक्या खोपटातून तळहाताएवढी तबकडी सुटते. डावीकडे जाईल की उजवीकडे, आधी कळत नाही. एका तबकडीला एकच काडतूस. एखादाच छर्रा लागून टवका उडालेला दिसला तरी गुण मिळतो, आणि मागे गेलं की छर्रे पांगतात, म्हणून अंतराला एवढी किंमत.

याच पाइनहर्स्टला ॲनी ओकली ही प्रसिद्ध अमेरिकन नेमबाज नेमबाजी शिकवायची. 1922 मध्ये, वयाच्या बासष्टीत, तिने 16 यार्डांवरून ओळीने 100 तबकड्या फोडल्या. आपल्याकडे बासष्टीत लोक चष्मा शोधत असतात!