संस्थेचे ईमेल स्पॅममध्ये का जातात?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या डोमेनवरून सभासदांना पाठवलेले ईमेल जीमेलच्या स्पॅममध्ये जातात. डोमेनच्या नोंदी कशा तपासाव्यात? — एक वाचक, सांगली

उत्तर : संस्थेच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेल खात्यावर एक ईमेल पाठवावा आणि संगणकावर तो उघडून मेनूतून मूळ संदेश पाहावा; तेथे एसपीएफ (डोमेनच्या नावाने ईमेल पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी), डीकेआयएम (ईमेलवरील डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास ठरलेल्या ईमेलचे काय करावे, याचे धोरण) यांपुढे निकाल दिलेला असतो.

एसपीएफ नापास दिसल्यास डोमेनच्या डीएनएसमधील (इंटरनेटवरील डोमेनच्या नोंदवहीतील) टीएक्सटी, म्हणजे मजकूर स्वरूपाच्या, नोंदी काढून बघाव्यात; एसपीएफ त्यांतच लिहिलेले असते. होस्टिंगवाल्याने केलेली जुनी नोंद तशीच ठेवून नव्या ईमेल सेवेची दुसरी नोंद जोडली गेली, तर तपासणीत कायमची त्रुटी येते, कारण एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन्ही सेवा खरोखर वापरात असतील, तर त्या एकाच नोंदीत लिहाव्यात. मात्र ती तपासताना डीएनएसमध्ये १० पेक्षा अधिक शोध घ्यावे लागू नयेत. (जुन्या, बंद केलेल्या सेवांची नावे काढून टाकण्याचा कंटाळा करू नये.)

डीकेआयएमची चावी (सही पडताळण्याचा संकेत) ईमेल सेवा पुरवणाऱ्याकडूनच घ्यावी लागते. डीमार्कची सुरुवात केवळ अहवाल मागवणाऱ्या धोरणाने करावी. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत.