कोडिंग फारसं येत नसताना ओपन सोर्समध्ये नवीन फीचर तपासून त्याचं डॉक्युमेंटेशन लिहिता येतं का?

तुम्ही परभणीला बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहात, कोडिंगमध्ये हात बसलेला नाही, आणि विचारायलात की नवीन फीचर तपासायचं, त्याचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरणाऱ्यासाठी मदतीची पानं, लिहायचं हे काम जमेल का आणि त्याला कुणी योगदान म्हणतं का. जमतं, आणि म्हणतात. मी नांदेडला नव्या मोंढ्यात एका आडत दुकानाचे हिशोब बघतो, प्रोग्रामर नाही, तरी लिबरऑफिस या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, ऑफिस सॉफ्टवेअरमधल्या कॅल्क या स्प्रेडशीटसाठी हेच करायलोय, म्हणून अनुभवावरून सांगतो.

या कामाला माणसं कमी का, ते आधी बघा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं २०१७ साली एक सर्व्हे केला होता, त्यात ९३ टक्के लोक म्हणाले की डॉक्युमेंटेशन अर्धवट नाहीतर जुनं झालेलं असतं, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचित किंवा कधीच हात लावत नाही. म्हणजे तक्रार सगळ्यांची आणि लिहिणारे थोडे. जागा रिकामी आहे, तुम्ही या.

आता काम कसं चालतं ते एका फीचरवरूनच सांगतो, नुसतं वरवर सांगून कळत नाही. लिबरऑफिसचं नवीन व्हर्जन दर सहा महिन्याला येतं, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या आसपास, आणि २०२४ पासून व्हर्जनचा नंबरच वर्ष आणि महिना असा असतो, २४.२, २४.८ असा. त्या २४.८ मध्ये कॅल्कला एक्सलुकअप (यादीत नाव शोधून त्याच्यासमोरची नोंद देणारं), युनिक (दोनदा आलेलं एकदाच दाखवणारं), फिल्टर, सॉर्ट असे बरेच नवे फंक्शन आले. जून-जुलैत पेरण्या चालू असतात, मोंढ्यात आवक कमी, त्यामुळं मला वेळ होता, मी रिलीजच्या आधीची चाचणीची बीटा आवृत्ती उतरवून घेतली. ती तुमच्या रोजच्या लिबरऑफिसशेजारी वेगळी बसते, रोजच्या कामाला धक्का लागत नाही, त्यामुळं भ्यायचं कारण नाही.

डेव्हलपर जे उदाहरण देतो ना, तीन फळं आणि तीन भाव, ते चालणारच, त्यानं ते चालवूनच दिलेलं असतं. तुम्ही तुमचं रोजचं काम त्याच्यावर टाकायचं. मी आमची सोयाबीनची शीट घेतली, शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, आणि गावाच्या रकान्यावर युनिक लावलं. अर्धापूर दोनदा आलं! मला वाटलं सापडला बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक. मग दोन्ही सेलमध्ये जाऊन कर्सर शेवटाला नेऊन बघितला तर एका अर्धापूरच्या मागं एक स्पेस होती, टायपिंग करताना पडलेली. फंक्शनच्या हिशेबानं ते दोन वेगळे शब्दच आहेत, त्याचं बरोबर आहे. म्हणजे बग रिपोर्ट टाकायचा नाही, पण मदतीच्या पानावर एक ओळ पाहिजे की नाव दोनदा दिसत असेल तर मागची-पुढची स्पेस बघा आणि आधी जास्तीची स्पेस काढणारं ट्रिम लावा. माझ्यासारख्या माणसाचे दोन तास त्या एका ओळीनं वाचतात.

एक्सलुकअपचं तर याच्याहून मोठं. आमच्याकडं सगळ्यांची सवय यादीत शोधणाऱ्या जुन्या व्हीलुकअपची, आणि त्याचा शेवटचा पॅरामीटर, म्हणजे कंसात द्यायची शेवटची माहिती, लिहायचा राहिला की तो यादी क्रमानं लावलेली आहे असं धरतो आणि नाव तंतोतंत सापडलं नाही तरी जवळचं काहीतरी उचलून देतो, एररही देत नाही. एका शेतकऱ्याच्या हिशोबाच्या पट्टीवर दुसऱ्याचा आकडा, आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. ही चूक मी डोळ्यानं बघितलीय, शेतकरी पट्टी घेऊन परत आला तेव्हा कळलं. एक्सलुकअप काहीच सांगितलं नाही तर तंतोतंत जुळणारंच शोधतो, नाही सापडलं तर एरर दाखवतो, आणि चौथ्या जागी तुम्ही 'नोंद नाही' असं लिहून ठेवलं तर ते दाखवतो. सहा पॅरामीटरची यादी पानावर असतेच हो, पण हिशोब करणाऱ्याला हा फरक पहिल्या परिच्छेदात सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आणि हे फंक्शन कोणत्या व्हर्जनपासून आहे तेही, कारण शेजारच्या दुकानात जुनं व्हर्जन असलं की तीच फाईल तिथं उघडून आकडा बदलला की नेमचा एरर, म्हणजे हे फंक्शन मला माहीत नाही असा, येतो आणि शिव्या फाईल पाठवणाऱ्याला.

यातून मला जे उमगलं ते असं की तपासणं आणि लिहिणं हे दोन कामं नाहीतच. लिहायला बसल्यावर जिथं वाक्य अडतं, 'म्हणजे नेमकं काय होतं' हे सांगता येत नाही, तिथं परत जाऊन बघा, नव्वद वेळा आपलं समजणं कच्चं असतं आणि उरलेल्या दहा वेळा फीचरच कच्चं असतं. मग तो बग.

लिबरऑफिसच्या बगच्या साइटवर रिपोर्ट लिहिताना काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, हे तीन आणि आधीच्या व्हर्जनमध्ये चालत होतं का हे चौथं, एवढं लिहाच. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मी नुसतं 'सॉर्ट नीट होत नाही' लिहिलं होतं, तो 'नीडइन्फो', म्हणजे आणखी माहिती पाहिजे, असा होऊन परत आला, आणि बरोबरच होतं, समोरच्यानं करायचं काय त्याचं? हेल्प मेन्यूत अबाउट उघडलं की व्हर्जनची सगळी माहिती कॉपी करायचं बटण असतं, ते दाबून चिकटवा. आणि एक हात जोडून सांगतो, खऱ्या शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर, रकमा असलेली फाईल कधीच जोडू नका, ती जगात कुणालाही उघडता येते. दहा ओळींची खोटी शीट बनवा ज्यात तीच अडचण दिसते. ती बनवतानाच पुष्कळदा कारण सापडतं.

इंग्रजीची काळजी करू नका, छोटी वाक्यं पुरतात.

सुरुवात नवीन बग शोधण्यापासून करू नका. दुसऱ्यांनी टाकलेले रिपोर्ट 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडून असतात, कुणीतरी आपल्या मशीनवर तेच करून 'हो, मलाही दिसलं' म्हणेपर्यंत ते पुढं सरकत नाहीत. त्यातले कॅल्कचे चार-पाच घ्या, जसंच्या तसं करून बघा, दिसलं तर तुमचं व्हर्जन लिहून कळवा, नाही दिसलं तरी कळवा. आठवडाभर एवढंच करा. चांगला रिपोर्ट कसा असतो ते दुसऱ्यांचे वाचूनच कळतं. मग तुमचा पहिला लिहिलात की पाठवायच्या आधी मला दाखवा, रात्री दुकान बंद झाल्यावर मी बसतोच, वाचून सांगतो.