मारामारी, रक्त आणि हक्काचे कागद

प्रिय मित्रा,

तुझी संहिता वाचली. १२० पानं, सात लोकेशन्स, गाड्यांचा पाठलाग आणि शेवटी भूत. स्टुडिओ घेईल का, असं विचारलंस. ते नंतर बघू. आधी ती ८५ पानांवर आण आणि एका घरात कोंड. रोज पाच पानं झाली तर १७ दिवसांत शूटिंग उरकतं. मारामारीच्या दिवशी मात्र दीड पान झालं तरी पुष्कळ, म्हणून तीन दिवस वरचे धर.

ठोसा पटतो तो लेन्समुळे. ८५ मिमी लावून कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेव. मूठ आणि चेहरा एका रेषेत आले की मधलं फूटभर अंतर कळत नाही. बाजूने घेतलास तर हवेतली मूठ सगळ्यांना दिसते. मूठ चेहऱ्यासमोरून गेली की मगच मान झटकायची. मान आधी वळली तर ठोसा गेलाच वाया. खऱ्या गोळ्या सेटच्या आवारातही नकोत, आणि ब्लँक, म्हणजे गोळी नसलेली नुसत्या दारूची काडतुसंसुद्धा नकोत. जवळून त्यानेही जीव जातो. न उडणारी नकली बंदूक घे, नळीतला जाळ एडिटिंगमध्ये टाक.

रक्तासाठी कॉर्न सिरप, खायचा लाल रंग, निळ्याचा एखादा थेंब, चिमूटभर कोको. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात सरबतासारखा दिसतो. कपड्यांवर जायच्या रक्तात भांडी घासायचं लिक्विड थोडं मिसळ, डाग लवकर सुटतो. तोंडात धरायच्या रक्तात ते चुकूनही नको. एकसारखे तीन शर्ट ठेव. दुसऱ्या टेकला स्वच्छ शर्ट नसला की अख्खं युनिट तो वाळायची वाट बघत बसतं.

अंधारी, दाणेदार फ्रेम प्रेक्षक चालवून घेतो. घुमणारा संवाद नाही. घरातला फ्रीज बंद कर आणि गाडीची किल्ली त्यातच ठेव, म्हणजे निघताना तो सुरू करायचा राहत नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घे. संवाद, संगीत, इफेक्ट्स शेवटपर्यंत वेगळ्या ट्रॅकवर ठेव, नाहीतर दुसऱ्या भाषेत डबिंग करणं अवघड होऊन बसतं.

आता स्टुडिओ. २०१९ मध्ये फॉक्सचा स्टुडिओ डिस्नेकडे गेला, २०२२ मध्ये एमजीएम अ‍ॅमेझॉनकडे, २०२५ मध्ये पॅरामाउंट स्कायडान्समध्ये विलीन झालं. घेणारे कमी झाले की अटी त्यांच्याच चालतात. भयपटाचं त्यातल्या त्यात बरं, त्याला स्टार लागत नाही. तरी वितरक २० वर्षांचे हक्क मागेल. सातवर आण, जमलं तर पाचवर. ‘मार्केटिंग खर्च वजा जाता’ या ओळीपुढे रकमेची मर्यादा लिहून घे, नाहीतर तुझा वाटा कायम वजाच राहील. कंपनी बुडाली तर हक्क परत, हेही लेखी हवं.

नट, संगीतकार, एडिटर यांच्या सह्या काम सुरू व्हायच्या आधी. कागदाचा कंटाळा आला तर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आठव. १९६८ मध्ये वितरकाने नाव बदललं, नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने सिनेमा कुणीही फुकट दाखवावा असा झाला. कायदा पुढे बदलला, निष्काळजीपणा नाही.

नवा मसुदा पाठव. पाठलाग आधी काढ.