उद्यमनगरची पोरगी, नॉटिंगहॅमचा कोर्स

प्रश्न : उद्यमनगरात माझं पॅटर्नचं (ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्यांचं) छोटं वर्कशॉप आहे, वडिलांच्या वेळचं. मुलगी बारावी सायन्सला आहे. चित्रकला चांगली, गणितही बरं. तिनं इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ‘प्रॉडक्ट डिझाइन अँड मॅन्युफॅक्चर’ हा पदवीचा कोर्स शोधून काढलाय. त्याच विद्यापीठाचा चीनमध्ये निंगबोला कॅम्पस आहे, काही काळ तिकडंही शिकायचं म्हणते. डिझाइनच शिकायचं तर पुण्या-मुंबईत काय कमी आहे? आणि इंग्लंडला जाऊन परत चीनला कशाला? जमीन विकायची वेळ येऊ नये, एवढंच.
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर : दादा, जमिनीचं नंतर बघू. आधी पोरीनं आणलेलं माहितीपत्रक उघडा. हिरवळीवर हसत बसलेल्या पोरांची पानं सोडून द्या आणि विषयांची यादी काढा. मटेरियल्स, मशिनिंग, मोल्डिंग, कॉस्टिंग हे विषय कितव्या वर्षाला आहेत, वर्कशॉपचे तास किती, ते बघा. ‘मॅन्युफॅक्चर’ नुसतं नावात असेल आणि वर्षभर रेंडरिंगच (संगणकावर वस्तूची देखणी चित्रं काढणं) चालणार असेल, तर तुमच्या मुलीसाठी तो कोर्स नाही.

पुण्या-मुंबईत काही कमी नाही. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९६१ पासून आहे, आयआयटी मुंबईचं डिझाइन सेंटर १९६९ पासून. आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा जानेवारीत होते, बारावीच्या कुठल्याही शाखेला ती देता येते, आणि त्यात चित्र काढायला लावतात. तिथं नंबर लागला तर मी इंग्लंडचं नाव काढणार नाही. पण तिथला भर माणूस वस्तू कशी वापरतो यावर जास्त असतो. ती वस्तू हजाराच्या संख्येनं, परवडेल अशा भावात कशी बनवायची, हे तितक्याच जोरानं शिकवणारे कोर्स आपल्याकडं मोजकेच. तुमच्या मुलीनं बोट ठेवलंय ते नेमकं तिथं.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत नवीन जॉबचं डेव्हलपमेंट बघते. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाकडून बेअरिंग हाउसिंगचं ड्रॉइंग आलं. स्क्रीनवर मॉडेल चकाचक. आमच्या पॅटर्नच्या मिस्त्रींनी प्रिंट हातात घेतली, उभ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे वाळूतनं निघायचं कसं?” भिंती काटकोनात, एक अंशाचाही ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतनं सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) नाही. आत एक खाच, निव्वळ शोभेची. त्या खाचेपायी वेगळा कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), कोअरपायी वेगळा कोअरबॉक्स (तो गाभा घडवायची पेटी), आणि ओतताना कोअर जरा हलला की जॉब भंगारात. डिझायनर पदवीधर होता, पण त्याला हे कुणी दाखवलंच नव्हतं. तुमची पोरगी हे जेवताना ऐकत वाढली असणार. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी तेवढी जास्त लांब आखलेली असते. ही कॉन्ट्रॅक्शन स्केल तिनं लहानपणीच हाताळली असेल. विद्यापीठात जाऊन हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या ती एक वर्ष पुढं आहे.

काही लोक तुम्हाला सांगतील, बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून याच गावात सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्यांच्याकडं कुठली डिग्री होती? खरं आहे. पण तसली माणसं दर पिढीत निपजत नाहीत.

आता चीनचं. निंगबोचा तो कॅम्पस २००४ साली सुरू झाला, शिकवणं इंग्रजीत. पण मला त्यात रस आहे तो गावामुळं. प्लॅस्टिकची इंजेक्शन मोल्डिंग मशिनं बनवणारी हैतियान ही मोठी कंपनी तिथलीच, आणि त्या भागात साचे बनवणारे कारखाने खच्चून भरलेत. आपलं कोल्हापूर ओतकामाचं. प्लॅस्टिकच्या साच्याला गेट (वितळलेलं प्लॅस्टिक आत शिरायचं तोंड) कुठं द्यायचा, भिंत जाड झाली की वर खड्डा का पडतो, इजेक्टर पिनचा (वस्तू साच्यातनं बाहेर ढकलणाऱ्या खिळीचा) वळ कुठं लपवायचा, हे तुमच्या दुकानात तिला कोण दाखवणार? तेव्हा चीनला जाणं वाया जाणार नाही. फक्त विद्यापीठाला एक प्रश्न लेखी विचारा : त्या काळात कारखान्यात उभं राहायला मिळणार का, का तिथल्याही वर्गातच बसायचं? नुसता वर्ग असेल तर विमानाचं भाडं वाचवा. शिवाय तिकडचे कुठले विषय मूळ पदवीत धरले जातील, त्याची यादी जाण्याआधी हातात हवी.

माझा कौल मात्र इंग्लंडमधल्या ‘प्लेसमेंट इयर’ला जास्त आहे. तीन वर्षांची पदवी चार वर्षांची होते, पण मधलं वर्ष कंपनीत पगारावर. कोर्सचाच भाग असल्यानं स्टुडंट व्हिसावर चालतं. ती जागा बहुतेक ठिकाणी पोरांनी स्वतः शोधायची असते, विद्यापीठ नुसती मदत करतं. पदवीनंतर नोकरीसाठी थांबायला आजवर दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. म्हणून कर्जाचा हप्ता तिकडच्या पगारावर मांडू नका, एजंट काहीही म्हणू दे.

खर्चाचाच विचार असेल तर जर्मनीही बघा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात (दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा) दाखवावे लागतात, आणि एपीएसचं (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन दूतावासाच्या विभागाचं) प्रमाणपत्र लागतं. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही; जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास हवी, नाहीतर इथं पदवीचं एक वर्ष करून जावं लागतं. तिथल्या बऱ्याच मेकॅनिकलच्या कोर्सना आधी काही आठवडे कारखान्यात काम केल्याचा दाखला मागतात. फाइलिंग, टर्निंग, वेल्डिंग, ओतकाम. आपल्या गावात यातलं काय मिळत नाही?

तोवर सुट्टीत तिला एकच जॉब धरून पोर्टफोलिओ करायला सांगा. ड्रॉइंग, लाकडी पॅटर्न, साचा, ओतलेला जॉब, मशिनिंग झालेला, प्रत्येकाचा फोटो आणि खाली खर्च. एखादा रिजेक्ट झालेला जॉबही लावू दे, का रिजेक्ट झाला ते लिहून. रेखाटनं तिच्या हातची हवीत. तुम्ही मिस्त्री आहात म्हणून मध्ये पेन्सिल घालू नका.