युरोपातली ऱ्हाइन नदी अनेक देशांनी मिळून कशी सुधारली? तापीला त्यातलं काय लागू पडेल?

पैसा नंतर आला, आधी मोजमाप एक झालं. १९५० मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी ऱ्हाइनचं प्रदूषण रोखण्यासाठी आयोग नेमला. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांचं गोदाम पेटलं, आग विझवायचं पाणी कीटकनाशकांसकट नदीत गेलं आणि मासे मेले. १९८७ मध्ये उद्दिष्ट ठरलं: २००० पर्यंत सामन मासा परत आणायचा. साधं, कुणालाही तपासता येईल असं! फ्रान्सच्या खाणींतून नदीत येणारं मीठ रोखण्याच्या खर्चात ३४ टक्के वाटा खालच्या अंगाच्या नेदरलँड्सचा होता. खालच्यानेही खर्चाचा वाटा उचलायचा, मला हाच धडा सर्वांत मोलाचा वाटतो.

तापी मुलताईला उगम पावते, हतनूर, उकाई ही धरणं करत सुरतेपुढे समुद्राला मिळते; तीन राज्यं, ७२४ किलोमीटर. तिन्हीकडे नमुने एकाच दिवशी, एकाच पद्धतीने घ्यावेत. बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्या चाचणीची) बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, अंधारात ४ अंशांवर ठेवा, २४ तासांत तपासा. भुसावळच्या उन्हात बाटली गाडीत तापली की जिवाणू वाटेतच ऑक्सिजन खातात, आकडा खोटा येतो. मग दोन राज्यांचे आकडे जुळत नाहीत आणि भांडण आकड्यांवरच अडतं.