सूचना वाचण्याची रीत

नैसर्गिक साधनसंपत्तीच्या महाविद्यालयात तुम्ही नुकताच प्रवेश घेतला आहे, म्हणून आवर्जून सांगतो की फलकावरची प्रत्येक सूचना पूर्ण वाचा आणि शेवटच्या तारखेआधी पात्रतेचा परिच्छेद पाहा, कारण मुदतीत भरलेले अर्जही तिथेच बाद होतात. भारतीय वनसेवेची पूर्वपरीक्षा २०१३ पासून नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेसोबत एकत्रच होते. ती स्वतंत्र होईल या समजुतीत राहणाऱ्याचे एक वर्ष हकनाक जाते.

मी स्वतः दुसऱ्या वर्षी एका शिष्यवृत्तीला मुकलो, कारण उत्पन्नाचा दाखला काढायला जाहिरात आल्यावर धावलो. दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान पंधरा दिवस द्या.

उन्हाळी प्रशिक्षणाच्या सूचनांत मोठ्या शहरातील संस्थांकडेच सर्वांचे लक्ष जाते, पण माझ्या मते आपल्या खान्देशात शिकण्यासारखे अधिक आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या गावकऱ्यांनी स्वतः नियम घालून जंगल राखले, सातपुड्यात यावल अभयारण्य आहे, शिरपूरजवळ अनेर धरणाचे अभयारण्य आहे, आणि तापीकाठच्या केळीबागांना भूजल किती पुरते हा प्रश्न तर रोजचाच आहे. अशा ठिकाणी महिनाभर राहून विहिरींची पातळी किंवा रोपांची गणती नोंदवलेली वही मुलाखतीला सोबत न्या. वनक्षेत्रात नोंदी घेण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते, तेव्हा तो अर्ज होळीपूर्वीच द्या.